अकरा खजुरांचा मालक

मी तसा मत्सरी माणूस नाही. मेहुण्याने ठाण्यात गच्चीसकट फ्लॅट घेतला तेव्हा मी फक्त दोन दिवस कमी जेवलो. दादरच्या ज्या चष्म्याच्या दुकानात मी सत्तावीस वर्षं लोकांना ‘आता बरं दिसतंय की मघाशी?’ असं विचारत उभा आहे, तिथे माझ्यानंतर लागलेला एक जण मॅनेजर झाला. त्याचा पेढाही मी खाल्ला. अर्धा. पण आमच्या काळाचौकीच्या चाळीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका म्हाताऱ्याचा मी जेवढा हेवा केला, तेवढा जन्मात कुणाचा केला नाही. आणि त्या माणसाकडे होतं काय? दहा बाय बाराची खोली, दाराआड उभी केलेली एक लोखंडी चावी, पाण्याचा एक माठ, आणि वाळवंटाच्या मधोमध एक झरा.

झरा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेला होता, हे खरं. पण म्हणून माझी जळजळ काही कमी झाली नाही.

ते पाणीखात्यातून निवृत्त झालेले चावीवाले. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून, छातीएवढ्या उंचीची चावी खाली सोडून ती दोन्ही हातांनी गोल फिरवायची, की गल्लीला पाणी येतं. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं, त्यातली बरीचशी आमच्याच भागात. त्यामुळे चाळीत त्यांना नावाने कुणी कधी हाक मारली नाही. पाणी आलं तर ती देवाची कृपा. नाही आलं, की तीन मजल्यांच्या गॅलऱ्यांतून एकच आरोळी, “ओ चावीवाले, झोपलात काय?” निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी ही आरोळी थांबली नव्हती. तेही दारात येऊन, मान वर करून शांतपणे सांगत, “मी घरी आहे. पाणी थांबलंय.” पाणी गेलं, असं ते कधी म्हणत नसत. म्हणायचे, “पाणी जातां खंय? थांबतां.” चिडले किंवा खूश झाले की मालवणी, एरवी खात्याची स्वच्छ मराठी.

त्यांच्या तऱ्हा सांगायला बसलो तर संध्याकाळ जाईल. चालता चालता मध्येच रस्त्यावर गुडघे टेकून एक सळई जमिनीला लावायचे आणि दुसऱ्या टोकाला कान. “गळतंय. आठ दिवसांत फुटेल.” आठ दिवसांनी फुटायचंच. कुणी लग्नाची पत्रिका द्यायला गेलं की तारीख न बघता विचारायचे, “किती जण?” वर कुणाला बाळ झालं की बारशाच्या आधी जिन्यात गाठून, “आता किती जण झालात?” भेटणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा हा पहिला प्रश्न. चौतीस वर्षं माणसं मोजून पाणी सोडलेलं, दुसरं काय विचारणार?

आणि सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे ते शिळं पाणी प्यायचे. आमच्या चाळीची रीत अशी, की सकाळी सहाला नळ आला की आधी कालचं पाणी मोरीत ओतायचं, हंडे-कळश्या घासायच्या आणि मग ताजं भरायचं. माझी आजी तसंच करायची, आई तसंच, आम्हीही तसंच. शिळं पाणी पिणारा माणूस म्हणजे एक तर आळशी, नाही तर एकटा. ते एकटे होतेच. पण माठ झाकून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यातलंच प्यायचे. “पाणी एक दिवस बसलं की गुणी होतं,” म्हणायचे. आम्ही हसायचो.

आता माझं दुःख.

आमच्या घराण्यात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे. बारसं असो, सत्यनारायण असो, जेवणं झाली की “चला, आता तुमची होऊ दे,” म्हणत सगळे माझ्याभोवती बसणार. आजोबांना गिरणीत भेटलेलं भूत ही माझी हुकमी गोष्ट. माझी मुलगी मुक्ता सहा वर्षांची असताना समोर मांडी घालून, हनुवटी तळहातावर टेकवून ती ऐकायची. ती हनुवटी तळहातावर गेली की मला वाटायचं, माझ्यासारखा श्रीमंत कुणी नाही.

मुक्ता कॉलेजला गेली आणि एका रविवारी गोष्टीच्या ऐन रंगात म्हणाली, “बाबा, भूत या वेळी साच्यांच्या खात्यात कसं? गेल्या वेळी गिरणीच्या चिमणीवर होतं.”

“भुताला फिरायला बंदी आहे का?”

“नाही. पण मग मला सांग, ते खाली कुठून आलं.” आणि मोबाइल बघत उठून गेली.

याच सुमारास तिने, समोरच्या गॅलरीतल्या प्रज्ञाने आणि आपल्या वर्गातल्या निनादने एक खेळ सुरू केला होता. तळमजल्यावर पंपाशेजारच्या मोकळ्या जागेत दर रविवारी चार वाजता सतरंजी पडायची. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली एकेक माणसं व्हायचं आणि ‘मी आता हे करतो’ असं म्हणायचं. जमतं की नाही, ते वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. मला वाटलं, हे तर कीर्तन झालं, फक्त श्रोत्यांना मध्ये तोंड घालायची परवानगी. गोष्ट सांगणारा चौथा मित्र नोकरीला बंगळूरला गेला आणि खेळ अडला. मी शर्टाची कॉलर नीट करून आपण होऊन खाली गेलो. आता ते मलाच बोलावणार, मग वाट कशाला बघा!

खाली निनाद नकाशा काढत होता. पिवळ्या वाळवंटात एक निळा गोळा. “इथे जादूगार राहतो. ओअॅसिसमध्ये.”

चावीवाले आपल्या दारात खुर्चीवर बसून इतके दिवस हे सगळं ऐकत होते. ते उठले, वाकले आणि निळ्या गोळ्यावर बोट ठेवून म्हणाले, “ह्यां पाणी येतां खंयसून?”

निनाद म्हणाला, “आजोबा, ते जादूचं आहे.”

“जादूचं असू दे. पण येतं कुठून? वरून की खालून? दाब किती? उन्हात आटत का नाही?” निनादने नकाशा उलटा करून पाहिला. “जादूगार राहतो म्हणताय. मग तो दिवसभर करतो काय?”

 मग ते आत गेले, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून घेऊन आले आणि सतरंजीवर बसले. त्या पेन्सिलीच्या रेघा मला अजून दिसतात. उत्तरेला डोंगर, डोंगरावर पडणारं थोडंसं पाणी, ते वाळूखालून कसं सरकतं, कुठे खडक आडवा येतो आणि कुठे नाइलाजाने वर येतं. तिथे झरा. झऱ्याच्या बाजूला घर. दहा बाय बारा.

“एवढ्या मोठ्या वाळवंटात दहा बाय बारा?” प्रज्ञाने विचारलं.

“मला त्याहून मोठ्याची सवय नाही,” ते म्हणाले. “पण चारही भिंती माझ्या. एकही सामाईक नाही. चारही बाजूंना दारं. जवळचं शहर चाळीस दिवसांवर. आणि खजुराची झाडं अकरा.”

“अकराच का?”

“तेवढ्यांनाच पाणी पुरतं.”

मी वळून पाहिलं. मुक्ताची हनुवटी तळहातावर होती.

मी जिना चढून वर आलो. बायकोने, वर्षाने, माझ्याकडे बघून नाक वर केलं. “अहो, काहीतरी करपतंय. गॅसवर तर काहीच नाही.”

पुढचे आठ महिने दर रविवारी ते करपत राहिलं. मी गॅलरीत उभा राहून वर्तमानपत्र वाचायचो. चार ते सहा एकच पान. खालून सगळं ऐकू यायचं. गोष्ट साधी होती. एका शहराच्या विहिरी आटल्यात. मुक्ता उंटवाली, प्रज्ञा वैद्य आणि निनाद तलवारबहाद्दर असे तिघे त्या जादूगाराकडे निघालेत, शहरापर्यंत पाण्याचा एक पाट मागायला. गोष्ट सांगणारे आणि जादूगार, दोन्ही अर्थातच चावीवाले. जादूची काठी म्हणजे दाराआडची लोखंडी चावी. मुलं तिला हात लावण्यापूर्वी परवानगी मागायची! आमच्या पोरांनी कधी देवघरात शिरतानाही विचारलं नव्हतं.

हा जादूगार आगीचे लोळ सोडत नसे, कुणाचा बेडूक करत नसे. निनादने एकदा वैतागून त्याच्या मानेवर तलवार धरली, तर ते म्हणाले, “मार. मग उद्या सकाळी व्हॉल्व्ह तू फिरव. कुठल्या बाजूला, किती आटे, ते मला मारायच्या आधी विचारून घे.” निनादने तलवार म्यान केली. पुढे वर्षासुद्धा पोह्यांची ताटली घेऊन खाली जाऊ लागली आणि ताटली परत आणायला दोन तास लावू लागली. एकदा मी म्हटलं, “त्या म्हाताऱ्याला गोष्ट सांगता येत नाही. नुसती पाइपलाइन सांगतो.”

“हो ना,” ती म्हणाली. “पण काल सांगितली तीच आज असते.”

मी ठरवलं, आपणही खेळात शिरायचं. फिरस्ता गोष्टीवेल्हाळ म्हणून. जादूगाराच्या दारात बसून अशी गोष्ट सांगायची, की त्याने स्वतः हनुवटीला हात लावला पाहिजे. आठवडाभर दुकानात तयारी केली. एका गिऱ्हाइकाला जवळचा नंबर लावता लावता वाळवंटाचं वर्णन म्हणून दाखवलं. तो म्हणाला, “डोळे कोरडे पडतात, ते चष्म्याने जाईल का?”

रविवारी मुक्ताने मला घेतलं. थोडी लाजत, पण घेतलं. “बाबा, आज आपण पोचतोय. नीट ऐक. जादूगाराची एकच अट आहे. वाटेत आम्ही पाणी किती राखलं, ते सकाळी दाखवायचं. ज्याला पाणी राखता येतं, त्यालाच पाट मिळणार. पाण्याने भरलेल्या चार कातडी मशकी शिल्लक आहेत. आठ महिने घोट घोट मोजून आणल्यात. तू फक्त मशकी सांभाळ.” हे तिने मला तीनदा सांगितलं. मी तीनदा मान हलवली. माझ्या डोक्यात गोष्टीचं पहिलं वाक्य घोळत होतं.

आम्ही पोचलो. जादूगाराने चौकटीत उभं राहून विचारलं, “किती जण आहात?”

“चार,” मुक्ता म्हणाली.

“आत या.” पुढे मुक्काम, खजूर, अकरा झाडांची सावली. मला बोलायची संधीच मिळेना. मी अस्वस्थ. आणि मग ते म्हणाले, “सकाळ झाली. झऱ्याला पाणी सुटलंय. ज्याने त्याने काय करायचं ते सांगा.”

पाणी सुटलंय! एक्कावन्न वर्षं हे ऐकून माझे हात जे करत आलेत, तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं. सगळ्यांच्या आधी मी ओरडलो, “मी कालचं ओतून टाकतो! मशकी घासून घेतो आणि ताजं भरतो!”

निनादने कागदावरच्या चार मशकींवर काट मारली.

“बाबा,” मुक्ता म्हणाली. नुसतं तेवढंच.

चावीवाल्यांनी विचारलं, “किती ओतलंत?”

“सगळं... शिळं होतं ना.” मग मलाच कळलं. मी घाईघाईने फासा उचलला. “टाकतो ना मी! वीस पडले तर ओतलं नाही असं धरू.”

“ह्याला फासा लागत नाही,” ते म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, मोरीच्या पाइपाकडे बघत होते. वरच्या मजल्यापासून उतरून आमच्या शेजारीच गटारात जाणारा तो जाड, काळा पाइप. “चौतीस वर्षं सकाळी मी रस्त्यात उभा राहून चावी फिरवली. माणसांना वाटतं, चावीवाल्याला पहिला आवाज पाणी चढल्याचा येतो. नाही. पहिला आवाज ओतल्याचा. सगळ्या मजल्यांवरून, एकदम. काल मी जे पोचवलेलं, तेच.”

त्यांनी कॅलेंडरची घडी घातली, “झरा बंद,” म्हणाले आणि आत गेले. त्यांनी दार नुसतं लोटलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मुक्ता माझ्याशी चार दिवस बोलली नाही. भांडली असती तर मला उत्तरं येत होती. ‘अगं, खेळ तर आहे.’ ‘म्हातारा हट्टी आहे.’ पण ती समोर बसून जेवायची आणि ताट उचलून जायची. तिसऱ्या दिवशी मी वर्षाला म्हटलं, “एवढं काय झालं? कागदावरचं पाणी.”

ती भाकरी उलटत म्हणाली, “तुमचं भूत तरी कुठे खरं होतं? ते कुणी पुसलं असतं तर?”

गुरुवारी दुकानातून येताना मी लालबागला उतरून म्हाताऱ्यासाठी चिवडा घेतला आणि त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी चिवडा घेतला. मला माठातलं पाणी दिलं. मी ते प्यायलो. चांगलं होतं, हेही तेव्हा मला आवडलं नाही.

“माझं चुकलं,” मी म्हणालो.

“मला कशाला सांगता? मी वाळवंटात एकटा राहतो. माझं काय गेलं? ते शहर आहे ना चाळीस दिवसांवर, त्यांना जाऊन सांगा.”

“म्हणजे?”

“रविवारी या.”

रविवारी चार वाजता सतरंजी पडली. ही बातमी चाळीत फिरलेली, त्यामुळे गॅलऱ्या भरलेल्या. चावीवाले खुर्चीवर बसून म्हणाले, “शहराचा चौक. सगळी माणसं जमलीत. ज्याने पाणी ओतलं, तो आलाय. बोला.”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पहिलं वाक्य नव्हतं. मी सांगितलं ते असं, की मला पाणी राखायला दिलं होतं. तीनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण माझं लक्ष स्वतःच्या गोष्टीकडे होतं. ती गोष्ट सांगून मला त्या जादूगाराला हरवायचं होतं, कारण माझ्या मुलीची हनुवटी आता त्याचं ऐकताना तळहातावर जाते. पाणी सुटलं म्हटल्यावर मी ओतलं, कारण आमच्याकडे ओततात. माझ्या आजीने ओतलं, आईने ओतलं. आठ महिने तीन मुलांनी तहान मारून आणलेलं पाणी मी एका वाक्यात मोरीत घातलं. वाळवंटात तर मोरीही नव्हती.

कुणीतरी वरून हसलं. मीही हसलो. मग गोष्ट तिथेच संपवून मी खाली बसलो. भूत नाही, चिमणी नाही, काही नाही.

 मुक्ता माझ्याकडे बघत होती. हनुवटी तळहातावर नव्हती, पण बघत होती.

चावीवाल्यांनी मान वर केली आणि गॅलऱ्यांकडे बघत विचारलं, “शहरात किती जण आहात?”

आधी कुणाला कळलं नाही. मग शेवंताकाकू पहिल्या मजल्यावरून म्हणाल्या, “आम्ही पाच.” शेजारून, “चार.” वरून, “आमचे सात, नि एक येणारंय.” निनाद कागदावर आकडे मांडत गेला. चाळ संपेपर्यंत ते ऐकत राहिले. मग दाराआडची लोखंडी चावी घेऊन त्यांनी ती सतरंजीच्या मधोमध उभी धरली.

“मुक्ता, ये. किती आटे, ते मी सांगतो.”

मुक्ताने दोन्ही हातांनी चावी फिरवली आणि शहराला पाणी आलं. टाळ्या तिला मिळाल्या, त्यांना मिळाल्या. मला वर्षाने पोहे दिले. त्या दिवशी मुक्ता जिन्यात म्हणाली, “बाबा, आज बरं सांगितलंस.” सत्तावीस वर्षं मी लोकांना ‘आता बरं दिसतंय की मघाशी?’ विचारतो. मला कुणी असं आपण होऊन पहिल्यांदाच सांगितलं.

मागच्या माघात ते गेले. सकाळी दार उघडलं नाही, एवढंच. कुडाळची पुतणी पोचली, सगळं झालं आणि आम्ही पुरुष अंघोळी करून परत त्यांच्या दारात जमलो. गेलेल्या माणसाच्या घरातलं पाणी ओतून टाकायची रीत आहे. शेवंताकाकू माठाला हात घालायला वाकल्या.

“काकू, थांबा,” मुक्ता म्हणाली.

“अगं, सुतकाचं पाणी. शिळं आहे.”

“शिळंच आहे. त्यांना तेच आवडायचं.” तिने माठाचं झाकण काढून आत पाहिलं. मग दाराशी येऊन, मान वर करून तिने आवाज दिला. त्याच आवाजात. “किती जण आहात?”

चाळीने मुकाट्याने आकडे सांगितले. प्रज्ञाने पेले आणले. पुतणीला आधी, मग म्हाताऱ्या माणसांना, मग सगळ्यांना, प्रत्येकी एक घोट. मी रांगेत शेवटचा होतो. मला तळचं मिळालं, थोडं मातीच्या चवीचं. आणि सांगायला लाज वाटते, पण तो घोट घेतानासुद्धा मला त्या माणसाचा हेवा वाटला. मी गेल्यावर माझा हंडा ओतताना कोण कुणाचा हात धरणार आहे?

अजून बारशाला, सत्यनारायणाला माझी गोष्ट होते. भुताची आता कुणी मागत नाही. “ते पाणी ओतलंत ती सांगा,” म्हणतात. माझ्या सगळ्या गोष्टींतली सगळ्यात चालणारी गोष्ट, आणि तीत मी मूर्ख, झरा दुसऱ्याचा. गेल्या महिन्यात मेहुण्याच्या गच्चीवर सांगताना मला राहवलं नाही. जरा शोभा यावी म्हणून मी खजुराची झाडं बारा केली.

“अकरा, बाबा,” मुक्ता मागून म्हणाली.

मी अकरा केली आणि पुढे सांगू लागलो. काही वाक्यं झाल्यावर चोरून मागे पाहिलं. तिची हनुवटी तळहातावर होती.